बंद दार आणि शेवटची आठ पानं

लोकसाहित्याच्या अभ्यासकाला किस्से गोळा करायला गावोगाव हिंडावं लागतं, असा समज आहे. मीही हिंडले. मावळातल्या देवळांच्या पायऱ्यांवर, गोठ्यांच्या ओट्यांवर, टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन तीस वर्षं काढली. एकेका कथेसाठी तीन-तीन खेपा घातल्या. पण आमच्या महाविद्यालयातल्या आधुनिक अमेरिकन नाटकाच्या अभ्यासकांचे किस्से मला कधी शोधावे लागले नाहीत. चाकण रस्त्यावरची धूळ खिडकी लावली तरी टेबलावर येऊन बसते, तसे ते आपोआप येऊन बसत गेले. रोज पुसा, रोज तेवढेच!

लोककथा ओळखण्याच्या काही कसोट्या आहेत. मूळ कुणी पाहिलेलं नसतं. सांगणारे मात्र पुष्कळ असतात. आणि सांगणाऱ्याला ‘हे तुम्हाला कुठून कळलं?’ असं विचारणं उद्धटपणाचं मानलं जातं. या तिन्ही कसोट्या लावून पाहिल्यावर मी अशा निष्कर्षाला आले, की आमच्याकडचं अमेरिकन नाटक इंग्रजी विभागात चुकून ठेवलेलं आहे. ते माझ्या विभागात हवं होतं.

हे किस्से मी सांगते तेव्हा लोक हसतात. हसावं. मला मात्र अजून राग येतो, आणि तो का येतो हे पुढे कळेलच.

* * *

इंग्रजी विभागाचे प्रमुख डॉ. अष्टपुत्रे. अमेरिकन नाटकावरचा या पट्ट्यातला अखेरचा शब्द! आकुर्डीपासून कासारवाडीपर्यंत कुठल्याही महाविद्यालयात त्या विषयावर व्याख्यान असलं, की व्यासपीठावर हेच. शाल, श्रीफळ आणि ‘सरांनी हयात नाटकाला वाहिली’ हे वाक्य ठरलेलं.

एका वर्षी विद्यार्थ्यांच्या एकांकिका स्पर्धेचं उद्घाटन त्यांच्या हस्ते होतं. दीपप्रज्वलन झालं, नटराजाला हार घातला, वीस मिनिटांचं भाषण झालं. भाषणात ‘रंगभूमी ही जिवंत कला आहे’ हे तीनदा आलं. तिसरी घंटा झाली, सभागृहात अंधार झाला आणि सर उठले.

एक विद्यार्थिनी मागोमाग धावली. “सर, थांबा ना. पहिली एकांकिका आमचीच आहे. अर्ध्या तासाची तर आहे.”

सरांनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की तिनं जणू त्यांना पडदा ओढायला सांगितला होता.

“बाळ, मी नाटकाचा अभ्यासक आहे,” ते म्हणाले, “प्रेक्षक नव्हे!”

गाडीत बसल्यावर त्यांनी मला अभिमानानं सांगितलं, की गेल्या वीस वर्षांत त्यांनी एकही नाटक पाहिलेलं नाही. “दृष्टी दूषित होते हो, मॅडम.”

* * *

आमच्याकडे सकाळच्या वर्गाला बसणाऱ्यांतले निम्मे जण रात्रपाळी करून येतात. अंगात कंपनीचा शर्ट, पायात सेफ्टी शूज, डोळे लाल. दुसरे निम्मे वर्ग संपताच दुसऱ्या पाळीला पळतात. बाकावर हेल्मेट, हेल्मेटमध्ये डबा.

विभागात वर्षानुवर्षं एक अमेरिकन नाटक शिकवलं जायचं. नाटकाचं नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण अपराध त्याचा नाही. गोष्ट साधी आहे. एका गावात लोखंडाचा कारखाना. तो बंद पडतो. नायक ही बातमी घरी सांगत नाही. रोज सकाळी पूर्वीसारखा डबा घेऊन बाहेर पडतो, दिवसभर कुठेतरी बसतो, संध्याकाळी परततो. बायकोला वाटतं तो कामाला जातो. निदान नायकाला तसं वाटतं. तिसऱ्या अंकात एका सकाळी तो असाच डबा घेऊन निघतो. दार बंद होतं.

तळेगावहून येणारा एक विद्यार्थी होता. कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, पत्र्याचे भाग ठोकणारा कंत्राटी कामगार. तो उभा राहिला.

“सर, याच्या गावातल्या सगळ्यांचीच कंपनी बंद झालीय ना? मग बायकोला शेजारणीनं सांगितलं नसंल का? आमच्याकडं तर गेटवर नोटीस लागायच्या आधी चाळीत कळतं.”

वर्ग हसला. प्रश्न किती नेमका होता पाहा! त्या नाटकावर त्या खोलीत विचारला गेलेला तो बहुधा पहिलाच खरा प्रश्न.

डॉ. अष्टपुत्रे यांनी चष्मा काढून पुसला. “बसा. हे नाटक तुम्हाला झेपणं कठीण आहे, त्यात तुमचा दोष नाही. ते समजायला औद्योगिक समाजाचा अनुभव असावा लागतो.”

सेफ्टी शूज खाली बसले!

* * *

आता ‘दार बंद होतं’ या तीन शब्दांविषयी.

नाटक तिथे संपतं, यावर डॉ. अष्टपुत्रे यांनी ग्रंथ लिहिला. बंद दार म्हणजे काय, याच्या त्यांनी अकरा अर्थच्छटा सांगितल्या. त्यांचे शिष्य डॉ. धामणकर, जे पुढे विद्यापीठात फार मोठे झाले, त्यांनी त्याच दारावर पीएच.डी. केली. त्यांचा सिद्धान्त असा, की नायक परत येतो की नाही हे नाटककार सांगत नाही, आणि सांगत नाही म्हणूनच हे नाटक आधुनिक आहे. मग चर्चासत्रं सुरू झाली. बंद दार आणि भांडवलशाही. बंद दार आणि स्त्री. एकदा दुपारच्या जेवणानंतर ‘बंद दार आणि उपनिषदे’ असाही निबंध झाला आणि त्याला टाळ्या पडल्या.

इथे मला माझीही कबुली द्यायला हवी. एका व्याख्यानात, शेवट न सांगणाऱ्या लोककथांविषयी बोलताना, मी या नाटकाचा दाखला दिला होता. मूळ संहिता मी वाचली नव्हती. ‘सरांचा ग्रंथ आहे ना’ असं म्हणून पुढे गेले. जात्यावरची ओवी पाच बायकांकडून तपासून घेतल्याशिवाय न छापणारी मी! विभागाच्या नावानं बोटं मोडताना त्यातलं एक मी माझ्यासाठीही राखून ठेवते.

* * *

वंदना सोनटक्के आमच्याकडे नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होती. म्हणजे वर्ग कायम, परीक्षेचं काम कायम आणि नेमणूक तेवढी दर वर्षी नवी. वडील लातूरकडून आलेले, मारुतराव. पूर्वी चिंचवडच्या एका कारखान्यात होते. “मध्ये पप्पांची कंपनी बंद पडली, पण लगेच चाकणला लागले. आम्हाला काही कळलंसुद्धा नाही,” असं ती एकदा सहज म्हणाली होती. मोशीला दोन खोल्यांचं घर, आई शिवणकाम करणारी.

वंदना याच नाटकावर डॉ. अष्टपुत्रे यांच्याकडेच पीएच.डी. करत होती. चाकणच्या एका अमेरिकन कंपनीत नोकरीला असलेला तिचा मावसभाऊ कामानिमित्त तिकडे गेला, तेव्हा तिनं त्याला एकच वस्तू आणायला सांगितली: या नाटकाची जुनी प्रत. त्यानं ती रद्दीच्या भावात आणली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली. चेहरा असा, की मला वाटलं घरी काही झालं.

“मॅडम, आपल्या पुस्तकात ‘दार बंद होतं’ हे पान शहात्तरच्या तळाशी आहे ना?”

“असेल.”

“या पुस्तकातही तिथेच आहे. फक्त पुढे आठ पानं आहेत.”

मी ती आठ पानं उभ्याउभ्या वाचली. नायक परत येतो. त्याच संध्याकाळी येतो! हात पुढे धरून मोरीशी उभा राहतो. त्याच्या हातांना काळं तेल नाही, काजळी नाही, ते सकाळसारखेच स्वच्छ आहेत. बायको काहीएक न बोलता, रोजच्यासारखा, त्याच्या हातात साबण देते. तो बराच वेळ हात धुतो. ती टॉवेल घेऊन उभी राहते. तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, हे प्रेक्षकाला कळतं, त्याला कळतं आणि ते दोघेही बोलत नाहीत. पडदा.

मी पुस्तक मिटलं. अकरा अर्थच्छटा एका साबणात वाहून गेल्या होत्या.

* * *

वंदना पुस्तक घेऊन डॉ. अष्टपुत्रे यांच्याकडे गेली, तेव्हा तिनं मला सोबत नेलं. बरं केलं, नाहीतर पुढचं संभाषण मी खरं मानलं नसतं.

सरांनी आठ पानं चाळली. वाचली म्हणत नाही, चाळली. मग पुस्तक लांब सरकवलं.

“ही प्रत प्रमाण नाही.”

“सर, पहिलीच आवृत्ती आहे. मूळ प्रकाशकाची.”

“असेल. शेवट नंतर कुणीतरी जोडलेला दिसतो. नाटकाच्या प्रकृतीशी तो विसंगत आहे.” आणि मग माझ्याकडे वळून, सहकाऱ्याच्या हक्कानं: “प्रक्षिप्त! तुमच्याकडे असतात ना असे भाग? काय, मॅडम?”

‘प्रक्षिप्त’ हा शब्द आमच्या शास्त्रात जपून वापरतात. एखादा भाग मागाहून घुसला आहे असं म्हणायला हस्तलिखितं लागतात, पाठभेद लागतात, आयुष्यातली वर्षं लागतात. इथे मूळ पुस्तकालाच परकं ठरवलं जात होतं आणि माझ्या शास्त्राला साक्षीला बोलावलं जात होतं!

“सर,” मी म्हणाले, “आमच्याकडे गोष्ट सांगणाऱ्या म्हाताऱ्या विसरल्या, तर ‘विसरले’ म्हणतात.”

त्या दिवसापासून त्यांनी मला चहा विचारणं बंद केलं.

* * *

पण आपल्या पुस्तकातली पानं गेली कुठे?

ग्रंथालयात तापकीरमामा होते. मोशीचेच, जुन्या घराण्यातले. जमीन आता इमारतींखाली गेलेली, पण हे ग्रंथालयाच्या चतुर्थश्रेणीवर मजेत. मी त्यांच्यापुढे ग्रंथालयातलं ते पुस्तक ठेवलं. एकच प्रत, हिरवा कापडी पुठ्ठा. हिच्यावरूनच दुकानात झेरॉक्स, झेरॉक्सवरून नोट्स, नोट्सवरून गाइड, असा वंशविस्तार झालेला.

मामांनी ते उघडलंसुद्धा नाही. “ह्येची मागली पानं न्हाईत, मॅडम.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“व्हय. कपाटामागची भिताड वल्ली व्हती. पानं चिकाटली. सोडवाया गेलो तर हातात आली, लगदा. तवाच लिवून ठिवलंया.” आणि त्यांनी खराब पुस्तकांचं रजिस्टर काढलं.

त्यांच्या गोल अक्षरात नोंद होती: ‘शेवटची आठ पाने नाहीत. नवीन प्रत मागवावी.’ तीच नोंद पुढच्या वर्षी. त्याच्या पुढच्या वर्षी. दर वर्षीच्या ग्रंथमोजणीत एकदा. आणि प्रत्येक नोंदीखाली, तपासून बरोबर असल्याची, विभागप्रमुखांची सही. पहिल्या काही ठिकाणी निळ्या शाईत, नंतर हिरव्या.

“मामा, तुम्ही सरांना तोंडी का नाही सांगितलं?”

मामा दुखावले. “सांगितलं की! दोन डाव सांगितलं. सर म्हनले, ‘तापकीर, नाटकाचं आमी बघू, तुमी धुळीचं बघा.’ मग आमी धुळीचं बघितलं.”

* * *

याच सुमारास महाविद्यालयात इंग्रजीची एक पूर्णवेळ जागा निघाली. नऊ वर्षांत पहिलीच. मुलाखतीला बसायचं तर पीएच.डी.चं विद्यापीठाचं पत्र हातात हवं. वंदनाचा प्रबंध तयार होता. त्यातलं पाचवं प्रकरण त्या आठ पानांवर होतं. अडलं होतं ते मार्गदर्शकाच्या सहीपाशी.

सर सही करायला तयार होते! त्यांनी दयाळूपणे सांगितलं, “पाचवं प्रकरण काढा, उद्या सही करतो.”

मग त्यांनी खुर्चीत मागे रेलून तो प्रश्न विचारला, जो मी आजवर कुठल्याही ज्ञानशाखेत ऐकलेला नाही.

“सोनटक्केबाई, एकदा ठरवा. तुम्हाला पीएच.डी. हवी आहे, की शेवट?”

त्या संध्याकाळी मी तिला म्हणाले, की प्रकरण काढ, आधी नोकरी पदरात पाड, मग ते स्वतंत्र निबंध म्हणून छाप. व्यवहाराचा सल्ला होता. मी तो शरमेनंच दिला.

तिनं मान हलवली. “नाही मॅडम. घरी जमणार नाही.”

“घरी? घरचा काय संबंध?”

मग तिनं सांगितलं. पहिल्या पाळीवरून आल्यावर मारुतराव चहा घेत बसायचे, तेव्हा ती त्यांना नाटकाचा एकेक प्रवेश मराठी करून वाचून दाखवायची. वडील मधेमधे शेरे मारायचे. “ह्यो फोरमन आमच्या सुपरवायझरचा भाऊच दिसतोय की!” असे. दार बंद झालं त्या दिवशी त्यांनी विचारलं, “मग?” ती म्हणाली, “संपलं, पप्पा.” तर भडकले. “असं कसं संपतंय? माणूस घरी येत नाही व्हय?” म्हणून तर तिनं मावसभावाकडून पुस्तक मागवलं होतं! विद्यापीठात कुणाला न पडलेला प्रश्न मोशीच्या दोन खोल्यांत पडला होता.

“आणि शेवट वाचून दाखवलास, तेव्हा काय म्हणाले?”

“‘परत वाच’ म्हणाले. परत वाचला. आई मशीन थांबवून ऐकत होती, ती उठून आत गेली. पप्पा म्हणाले, ‘हे गाळायचं नाही.’ एवढंच.”

* * *

मी आयुष्यात कुणाला धमकी दिलेली नाही. दुसऱ्या दिवशी दिली.

“सर,” मी म्हणाले, “पुढच्या महिन्यात लोकसाहित्याच्या परिषदेत मला निबंध वाचायचा आहे. विषय सुचत नव्हता, आता सुचला. मूळ न पाहता पिढ्यान् पिढ्या चालणारी परंपरा, एका महाविद्यालयातलं उदाहरण. परिशिष्टात तापकीरमामांच्या रजिस्टरची छायाचित्रं देईन म्हणते. निळी शाई आणि हिरवी शाई, दोन्ही.”

दुपारच्या चहाच्या आत प्रबंधावर सही झाली. पाचव्या प्रकरणासकट!

मी स्वतःवर फार खूश होते. या मंडळींत इतकी वर्षं काढून मला कळायला हवं होतं, की बाहेरच्या परीक्षकांची नावंही मार्गदर्शकच सुचवतो. मौखिक परीक्षेला परीक्षक म्हणून कोण आलं? डॉ. धामणकर! ज्यांची अख्खी पीएच.डी. त्या बंद दाराला टेकून उभी होती, ते.

* * *

परीक्षा शुक्रवारी होती, नोकरीची मुलाखत मंगळवारी. सभागृहात विभागातले लोक, तासिकेवरचे शिक्षक, थोडे विद्यार्थी. शेवटच्या रांगेत मारुतराव आणि वंदनाची आई, मंगलताई. मारुतराव पहिली पाळी करून थेट आलेले, अंगात कंपनीचा राखी शर्ट. मंगलताईंच्या मांडीवर पेढ्यांचा बंद पुडा. ही परीक्षा सर्वांना खुली असते, पण ‘सर्व’ म्हणजे अशी माणसं हे विभागानं गृहीत धरलेलं नसावं. शिपायानं त्यांना दोनदा विचारलं, “कोणाकडे आलात?”

वंदना छान बोलली. इंग्रजी स्वच्छ, आवाज स्थिर. डॉ. धामणकरांनी चाळीस मिनिटं प्रश्न विचारले, सगळे पान शहात्तरच्या अलीकडचे. तिनं तीनदा पाचव्या प्रकरणाकडे वळायचा प्रयत्न केला. तिन्ही वेळा ते म्हणाले, “त्याकडे येऊ.” आणि आले नाहीत.

मग त्यांनी अहवालाचा कागद पुढे ओढला आणि मराठीत बोलू लागले. बहुधा माया दाखवायला.

“वंदना, काम कष्टाचं आहे. पण शेवटाबद्दलचा आग्रह अपरिपक्व वाटतो. नायक परत येतो की नाही, हे नाटककारानं सांगितलेलं नाही. हा आता मान्य झालेला विचार आहे. तेव्हा पाचवं प्रकरण वगळून प्रबंध पुन्हा सादर करावा, अशी शिफारस मी करतो. सहा-आठ महिन्यांत होऊन जाईल.”

सहा-आठ महिने! मंगळवार चार दिवसांवर होता. वंदनानं टेबलावरचं ते अमेरिकेहून आलेलं पुस्तक उचललं, पुन्हा खाली ठेवलं. डॉ. अष्टपुत्रे छताकडे पाहत होते. मी उठणार होते. उठले नाही, हेही लिहून ठेवते.

डॉ. धामणकर लिहू लागले. लिहिता लिहिता, रीत म्हणून, मान वर न करता म्हणाले, “सभागृहातून कुणाला काही विचारायचं आहे का?”

अशा वेळी कुणी काही विचारत नसतं.

“साहेब, मी इचारू का?”

सगळ्या माना मागे वळल्या. मारुतराव उभे होते. वंदनाच्या तोंडून “पप्पा” एवढंच बाहेर पडलं.

डॉ. अष्टपुत्रे घाईनं म्हणाले, “हा शैक्षणिक कार्यक्रम आहे, काका.”

“व्हय साहेब. शैक्षणिकच इचारतो.” मारुतरावांनी घसा साफ केला. “त्यो माणूस संध्याकाळी घरी येतो, तवा त्येचे हात काळे असतेत का साफ?”

डॉ. धामणकरांनी पेन थांबवलं. “ते... तसं संहितेत येत नाही.”

“साफ असतेत, साहेब. दिवसभर झाडाखाली बसल्याव काळे कुठून व्हतील? पर बायकू तरी बी साबण देती.”

“हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“पोरीनं वाचून दाखवलं. दोनदा.” ते थांबले. शेजारी बसलेल्या मंगलताई पेढ्यांच्या पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळत होत्या. मारुतरावांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. “आन् नसतं वाचलं तरी मला ठावं हाय. चिंचवडची कंपनी बंद पडली, तवा मी दीड महिना डबा घेऊन निघत व्हतो. घरी कुणाला म्हाईत नाही, असं मला वाटायचं. ही बाई रोज संध्याकाळी माझ्या हातात साबण द्यायची.”

वंदना आईकडे बघत होती, मग वडिलांकडे, मग पुन्हा आईकडे.

डॉ. धामणकरांनी समोरचा कागद पाहिला. अर्धं वाक्य लिहून झालं होतं. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि कागद बाजूला सरकवला.

“सोनटक्के मॅडम,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज पूर्वीचा नव्हता, “ती शेवटची पानं... मी पाहिलेली नाहीत. जरा वाचता का?”

वंदनानं पुस्तक उघडलं. पान सापडेना, म्हणजे दिसेना. तेवढ्यात मागच्या रांगेतून मंगलताईंचा आवाज आला.

“मोठ्यानं वाच गं. अन् मराठीतच वाच.”